शेगडीतले पेळू

मार्गशीर्ष लागला, वेचणी सुरू झाली, बंड्यांच्या चाकांना पांढरे धागे चिकटू लागले, की मी घरातली राख चाचपायला लागते. चुलीतली, शेगडीतली, भांडी घासायला काढून ठेवलेली, कुठलीही. स्वयंपाक आटोपला की चुलीपाशी बसते आणि राखेत हात घालते, पार तळापर्यंत. गरम लागली तर पाण्याचा हबका मारते. गार लागली तरी आणखी एकदा पाहते. सुना हसतात. मोठी म्हणते, सासूबाईंनी राखेत सोनं पुरून ठेवलेलं दिसतं. हसू द्या. त्यांच्या घरात कधी छपरापर्यंत कापूस भरलेला नव्हता.

सध्या मी अमरावतीला लेकीकडे आहे. एरवी माझं बिऱ्हाड अकोल्याला, मुलाजवळ. सगुणाने निरोप धाडला, गोदा बाळंतपणाला आली आहे, माय तू ये. गोदा सगुणाची थोरली, तिचं हे पहिलंच. आल्या दिवसापासून बघते आहे, या गावात हवासुद्धा कापसाची आहे. सकाळी जिनाचा भोंगा होतो, मग बाजाराकडे बंड्यांची रांग लागते, आणि दुपारपर्यंत अंगणातल्या तुळशीवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, पाण्याच्या गुंडीवर बारीक तंतू येऊन बसतात. काल एक तंतू देवापुढच्या समईच्या दांड्याला चिकटला होता. मी तो चिमटीने काढला आणि ओल्या मोरीत टाकला. गोदा बघत होती.

आज सकाळी सगुणा सहज म्हणाली, माय, माळ्यावरची शेगडी काढून ठेवू का खाली, आता कधी लागेल सांगता येत नाही. मी हो म्हटलं. म्हटलं खरं, आणि मी भिंतीला टेकून बसले. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी लागतेच. ओवा-शेपाची धुरी, निखाऱ्यांचा शेक, त्याशिवाय बाळंतिणीचं अंग धरत नाही. माझं धरलं, सगुणाचं धरलं. सगुणाला माहीत नाही की ती जन्मली त्या दुपारी एका शेगडीनं काय केलं होतं. तिला एवढंच ठाऊक आहे की तिच्या आजीचे हात भाजलेले होते.

तेव्हा मी सासरी हिवरखेडच्या बाजूला राहत होते. उत्तरेला सातपुडा दिसायचा आणि बाकी तीन दिशांना काळी जमीन. आगगाडी अजून आमच्याकडे आली नव्हती. घर मातीचं, धाब्याचं, साधं. माणसं चार. सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची. सासू, त्या आत्याबाई. घरधनी आणि मी. माझं माहेर वरुडकडे, बंडीने तीन मुक्कामांवर. मला सतरावं लागलं होतं आणि पोटात सगुणा होती.

त्या वर्षी कापसाला काय झालं होतं ते आम्हां बायकांना नीट कळत नव्हतं. मामाजी बाजारातून यायचे आणि सांगायचे, समुद्रापलीकडे कुठे तरी लोक आपसात लढून राहिले आहेत, तिकडचा कापूस बंद पडला, म्हणून साहेबाला आता आपला हवा. मला हे सगळं अंगावर काटा आणणारं वाटायचं. कुठली लढाई, कुठले मेलेले लोक, आणि त्यापायी आमच्या वावरातल्या पऱ्हाटीचं सोनं व्हावं? दुसऱ्याच्या घरी सुतक असताना आपल्या दारी वाजंत्री वाजावी, तसं. पण असं बोलायची सोय नव्हती. सगळं गाव खुशीत होतं. बैलांच्या शिंगांना चांदीचे छल्ले दिसू लागले होते.

मामाजींनी ठरवलं, विकायचा नाही. आज विकला तर उद्या हळहळ वाटेल, अजून थांबू. अख्खं गाव तसंच थांबलं. आणि थांबणारा कापूस ठेवायचा कुठे? घरात. आधी धान्याची ढोली भरली, मग गोठा. बैल बाहेर लिंबाखाली बांधले. मग माजघर भरलं, मध्ये एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट ठेवून दोन्ही बाजूंना छपरापर्यंत ढीग, पुढे बांबूचे तट्टे. ज्वारीच्या कणग्या रिकाम्या करून त्यांत कापूस. लग्नातली मोठी पितळी गंजं, त्यांत कापूस. देवघरसुद्धा बाकी ठेवलं नाही. देव कोनाड्यात गेले आणि त्यांच्या चौरंगावर कापसाची गाठोडी बसली.

कापूस पांढरा असतो आणि मऊ असतो, म्हणून लोकांना वाटतं की तो गरीब आहे. त्याच्याबरोबर घरात राहून बघा. तो आवाज खातो. आत्याबाईंनी मागच्या दारातून हाक मारली तर मला पुढच्या दारात ऐकू यायची नाही. श्वास घ्यायला जड वाटायचं. सरकीचा कोंदट, तेलकट वास कपड्यांत, केसांत, भाकरीत. आणि भीती. पल्याडच्या एका गावात कापसाचं घर जळालं, अशी बातमी आली होती. कोणाचं, किती माणसं, धड कोणी सांगत नव्हतं. एवढंच सांगत होते की ज्वाळा दिसलीच नाही. कापसाची आग आतल्या आत चालते, वरून ढीग जसाच्या तसा दिसतो आणि पोटात निखारा फिरत असतो. दिसते तेव्हा वेळ गेलेली असते.

ते ऐकल्यापासून मामाजी रोज तिन्हीसांजेला ढिगाढिगात खांद्यापर्यंत हात घालून बघायचे. डोळे मिटून, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे. मी दारात उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघायची. त्यांनी हात बाहेर काढला की माझा श्वास सुटायचा. मग घराला नेम घालून दिले. चूल अंगणात गेली, पलीकडच्या कुडाशी. दिवस मावळायच्या आत जेवणं. घरात दिवा नाही. स्वतः मामाजी चिलमीचे शौकीन, पण तेही वेशीपाशी जाऊन ओढून यायचे आणि येताना हात धुऊन यायचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनाही भीती होती, फक्त लोभ तिच्यापेक्षा बोटभर उंच होता.

आता आत्याबाईंचं सांगते. त्यांना सुताचं वेड. दिवसभर वावरात खपायच्या आणि उरलेल्या वेळात टकळी. घरातली सगळी धोतरं त्यांच्या सुताची, विणकराकडे सूत द्यायचं आणि कापड आणायचं. त्यांची स्वतःची एक मोठी पेटी होती, तिच्यात टकळ्या, कापूस पिंजायची धनुकली, सुताच्या लडी, पिंजून वळलेले पेळू, सगळं जिथल्या तिथे. त्या पेटीला मीही हात लावायचा नाही. मामाजींनी ती पेटी रिकामी करायला लावली आणि तिच्यात वेचणीचा उत्तम कापूस भरला. वर सांगितलं, यंदा सूतकताई बंद. सूत पुन्हा कधीही होईल, हा भाव पुन्हा येणार नाही. एक बोंडही इकडे-तिकडे दिसता कामा नये. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग मागच्या अंगणात येऊन माझ्याजवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या,

"घर भरून कापूस हाये पोरी, अन् मले सुताले मूठभर नाई."

पण गप्प बसणारी ती बाई नव्हतीच. वेचणीच्या वेळी ओच्यात थोडं, कमरेला थोडं, असा आमचाच कापूस आम्ही चोरून आणू लागलो. आणि त्या पेटीतलं बिऱ्हाड आम्ही घरभर पांगवलं. त्या आठवणीत मात्र मला अजून हसू येतं. टकळ्या जुन्या फुंकणीत घातल्या आणि फुंकणीच्या तोंडाला चिंधीचा बोळा मारला. चूल बाहेर गेल्यामुळे नवी फुंकणी आली होती, जुनीकडे कोण बघतो? सुया, मेण आणि तुटके धागे तिखट-हळदीच्या चौफुल्यात, एका खणात. तिथले धागे पुढे पिवळे निघाले आणि आत्याबाई म्हणाल्या, असू दे, कोणाच्या तरी हळदीला कामी येतील. धनुकली सुपाच्या पाठीला बांधून सूप खुंटीला टांगलं. लडी दह्याच्या शिंक्यात, गाडग्यात, वर झाकण. पेळू वाळलेल्या दुधी भोपळ्याच्या तुंब्यात. मामाजी जेवायला बसले की त्यांच्या डोक्यावर शिंकं डोलायचं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो नाही, इतकं हसू दाबून धरलेलं.

हसू असायचं आणि त्याच्या खाली भीती असायची. घरातली एकही वस्तू आपल्या जागेवर नव्हती. कणगीत ज्वारी नाही, पेटीत सूत नाही, देवघरात देव नाहीत, शिंक्यात दही नाही. अंधारात पाणी प्यायला उठलं तर हात लावू तिथे दुसरंच काही लागायचं. मला वाटतं, माणसाला घर ओळखीचं वाटतं ते वस्तू जागच्या जागी असतात म्हणून. त्या हलल्या की आपल्याच घरात आपण परके होतो आणि परक्या घरात माणूस चुका करतो. मीही केली.

माझ्या चुकीचं आता सांगायलाच हवं. आमच्यात पोर जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी काही करून ठेवत नाहीत. अंगडं नाही, टोपडं नाही, दुपटं नाही. आधी तयारी केली की नजर लागते, नशिबाला डिवचल्यासारखं होतं. आत्याबाई याबाबत फार कडक. त्यांची स्वतःची दोन लेकरं पाळण्याआधीच गेली होती. पण माझं मन राहीना. माहेरी आईजवळ असते तर तिने मला सांभाळलं असतं. इथे दिवसभर कापसाच्या भिंतीकडे बघून माझ्या मनात नाही नाही ते यायचं. पोटातलं लेकरू हललं नाही तर जीव घाबरा व्हायचा, हललं तरी घाबरा व्हायचा. हाताला काही काम हवं होतं. म्हणून मी वेचणीतला सगळ्यांत पांढरा, लांब धाग्याचा कापूस वेगळा काढला, हाताने सरकी काढली आणि पेळू वळले. त्याचं सूत काढायचं आणि लेकरू झालं की लगेच त्याच्या अंगड्याला द्यायचं. हे आत्याबाईंपासूनही लपवायचं होतं. त्यांच्या सगळ्या जागा त्यांना पाठ होत्या. फुंकणी, शिंकं, तुंबा, कुठेच ठेवता येत नव्हतं.

मग मला शेगडी दिसली. बाळंतिणीची मातीची शेगडी, आत्याबाईंनी स्वतः भुसा कालवून केलेली. कोपऱ्यात पालथी पडली होती. मी ती सरळ केली. माहेरच्या लुगड्याची हिरव्या काठाची चिंधी होती, तिच्यात पेळू गुंडाळून तळाशी ठेवले. वर खापराचा तुकडा, आणि त्याच्यावर ओंजळभर गार राख. कोणी बघितलं तर वाटावं, शेगडी राख घालून तयार आहे. ही शेगडी लेकरू झाल्यावरच लागणार आणि त्याआधी मी पेळू काढून घेणार, असा माझा हिशेब. शहाणी मी!

खरं म्हणजे मला तिथे बाळंतच व्हायचं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. पण त्या हंगामात वऱ्हाडात बंडी मिळायची नाही. जिला दोन चाकं होती ती प्रत्येक बंडी कापूस वाहत होती. आमचीही. मला पोचवायचा दिवस तीनदा ठरला आणि तीनदा बंडी कोणाच्या ना कोणाच्या कापसाला गेली. एकदा तर माझं गाठोडं बंडीत ठेवून झालं होतं. ते खाली उतरवून मामाजी म्हणाले, चार दिवसांनी नक्की. चार दिवसांनी माझा नववा अर्ध्यावर आला आणि आत्याबाईंनी सांगितलं, आता इतक्या लांब नेता येणार नाही. त्या दिवशी मी घरधन्याला एकच विचारलं.

"मी इथंच बाळंत झाली तं शेगडी कुठी ठेवसान?"

तो बंडीच्या जुवाला हात लावून उभा होता. तसाच बैल सोडायला गेला. मामाजींना विचारायची त्याची छाती नव्हती आणि माझी तर नव्हतीच. आत्याबाईंनी मात्र विचारलं, मी कानांनी ऐकलं. मामाजी म्हणाले, अजून पंधरा दिवस आहेत, तोवर विकून टाकू. पंधरा दिवस त्यांनी जणू देवाकडून लिहून घेतले होते.

पाचव्या दिवशी माझ्या कळा सुरू झाल्या. सकाळची वेळ. पुरुष माणसं सगळी वावरात. आत्याबाईंनी शेजारच्या बाईला गंगू सुईणीकडे पिटाळलं आणि मला माजघरालगतच्या खोलीत बाजेवर निजवलं. त्या खोलीत एका भिंतीला कापूस होताच. आत्याबाईंनी दोन लुगडी पाण्यात बुडवून त्या ढिगावर पांघरली. माझ्या कपाळाला हात लावला तर तो हातही ओलाच होता. त्या दिवशी त्या सारख्या पाणी मारत होत्या, तट्ट्यावर, जमिनीवर, उंबऱ्यावर. कळांच्या मध्ये मला फक्त पाण्याचा आवाज येत होता.

दुपार कलताना सगुणा झाली. रडली. गंगूने नाळ कापली आणि पोर माझ्या कुशीत ठेवली. मी एवढी थकले होते की मला तिच्याकडे नीट बघताही येईना. आणि तेवढ्यात आत्याबाई शेगडी घेऊन आल्या. आत राख होतीच. त्यांनी ती हाताने वरवर सारखी केली, अंगणातल्या चुलीतले निखारे खापरावर घालून आणले आणि हळूच राखेवर मांडले. गंगूने ओवा टाकला. शेगडी माझ्या बाजेखाली गेली.

मला ते सगळं दिसत होतं. सांगते ना, दिसत होतं. शेगडी दाराशी आली तेव्हाच मला पेळू आठवले होते. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, आत्याबाई, थांबा. मी नाही म्हटलं. नुकतं जन्मलेलं लेकरू कुशीत होतं आणि मी त्याच्यासाठी आधीच पेळू वळून ठेवले, हे तोंडाने बोलले तर तिथल्या तिथे त्या लेकराला काही तरी होईल, अशी भीती माझ्या डोक्यात बसली होती. म्हणून मी मनाला सांगितलं, राख जाड आहे, मध्ये खापर आहे, खाली आच पोचणार नाही. थोडा वेळ शेक होईल, मग शेगडी बाहेर जाईल, मग मी बघेन. आजही मला आगीची भीती आहेच, पण त्याहून जास्त त्या गप्प बसण्याची आहे. माणूस भ्यायला की ओरडतो असं म्हणतात. मी भ्याले आणि मला आवाजच उरला नाही.

आधी ओव्याचा वास होता. मग त्यात दुसरा वास मिसळला, चिंधी जळल्याचा. गंगू म्हणाली, निखाऱ्याला काही लागलं वाटतं. तेवढ्यात बाजेच्या दोरांमधून माझ्या पाठीला ऊब नाही, चटका लागला. आत्याबाई खाली वाकल्या. शेगडीतून वीतभर जाळ वर आला होता आणि जळक्या कापसाचे बारीक बोळे सुटून वर तरंगत होते. एक बोळा हळूहळू, अगदी सावकाश, ओल्या लुगड्यांच्या दिशेने चालला होता.

पाणी जवळच होतं, पण ओतलं असतं तर निखारे फुटून खोलीभर उडाले असते. आत्याबाईंनी तो विचार केला की नाही, मला माहीत नाही. त्यांनी तो तरंगता बोळा आधी हवेतच मुठीत धरला. मग दोन्ही हातांनी शेगडी उचलली, छातीशी घेतली, आणि वरून एक तळहात ठेवला. झाकणासारखा. जाळावर. आणि चालू लागल्या. पळाल्या नाहीत. पळाल्या असत्या तर वाऱ्याने ठिणग्या उडाल्या असत्या. माजघराची ती वाट, दोन्ही बाजूंना छपरापर्यंत कापूस, एका माणसाला पुरेल एवढी जागा, आणि त्यातून ती बाई जळता जाळ हाताने झाकून चालत गेली. मी बाजेवरून दाराकडे बघत होते. ती दिसेनाशी झाली, तरी मी बघत होते. पोर कुशीत होती आणि मला उठता येत नव्हतं. मी मोजतही नव्हते, देवाचं नावही घेत नव्हते. नुसती बघत होते.

मग अंगणात शेगडी फुटल्याचा आवाज आला. त्यानंतर माझ्या सासूचा आवाज आला. ती मोठ्याने रडत नव्हती, गुरासारखी कण्हत होती.

मामाजी धावत आले. शेजारपाजार जमला. अंगणात शेगडीचे तुकडे, जळके पेळू आणि अर्धी जळालेली चिंधी पडली होती. कोणीतरी विचारलं, शेगडीत कापूस आला कुठून? मी आतून ऐकत होते. आत्याबाई म्हणाल्या, मीच ठेवले होते, सुतासाठी, चोरून. मामाजी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. तळहाताची कातडी सुटून आली होती. ते तसेच पाठमोरे झाले, आणि दिवस बुडायच्या आत गावातल्या बंड्या गोळा करून आणल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं होतं. पुढे भाव चढला की पडला, आमच्या घरात कोणी कोणाला विचारलं नाही.

आत्याबाईंचे हात बरे व्हायला पुढची संक्रांत आली. बरे झाले म्हणजे जखमा भरल्या. उजव्या हाताची बोटं आत वळली ती वळलीच. टकळीला चिमटीने गिरकी द्यावी लागते, ती त्यांना परत कधी देता आली नाही. त्या माझ्याजवळ बसायच्या आणि मी सूत काढायची, त्या नुसत्या बघायच्या. धागा तुटला की म्हणायच्या, जाड झाला, हलक्या हातानं घे. गावात बायका त्यांच्यामागे बोलायच्या, म्हातारीच्या सुताच्या खाजेनं सून-लेकरू जळालं असतं. आत्याबाईंच्या कानावर जायचं. त्या ऐकून घ्यायच्या. आणि मी? मी ऐकून घ्यायची. मला सांगायचं होतं. दर वर्षी मार्गशीर्ष आला की वाटायचं, या वर्षी सांगू. दर वर्षी मी भ्याले. आधी मामाजींना, मग घरधन्याला, मग लेकींसुनांना आणि शेवटी स्वतःलाच.

आत्याबाई गेल्या त्या वर्षाची गोष्ट. अंथरुणाला खिळल्या होत्या. सगुणाचं लग्न होऊन ती इकडे अमरावतीला आली होती. मी त्यांना पेज भरवत होते आणि त्या वाकड्या बोटांनी माझं मनगट धरायचा प्रयत्न करत होत्या. मला एकाएकी सगळं असह्य झालं. वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, आत्याबाई, ते पेळू माझे होते. सगुणाच्या अंगड्यासाठी मी आधीच वळले होते. आणि तुम्ही निखारे घातले तेव्हा मला आठवलं होतं, तरी मी बोलले नाही. एका दमात बोलून टाकलं आणि त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. मग म्हणाल्या,

"मले ठाऊक होतं पोरी. हिरव्या काठाची चिंधी तुयीच होती, मी अंगणात पाह्यली."

मी विचारलं, मग बोलल्या का नाही? इतकी वर्षं सगळ्यांचं ऐकून घेतलं?

"तुले तवा बोलली असती तं तू भेली असती. भेलेल्या बाईचं दूध आटते. मंग लेकरू कशावर वाढवलं असतं आपण?"

आपण, असं म्हणाल्या. मग पेज मागितली. मी भरवली.

भीतीचं मला आयुष्यभर वाईट वाटत आलं. वाटायचं, ती माझ्यातच जास्त आहे, बाकीच्या बायका धीट आहेत. आत्याबाईंनी मला दुसरंच दाखवलं. त्यांनाही भीती होतीच, दोन लेकरं घालवलेल्या बाईला ती नसेल कशी? फक्त त्यांनी ती स्वतःजवळ ठेवली, माझ्यापर्यंत येऊ दिली नाही. जसा त्यांनी तो जाळ हाताने झाकून नेला, तशीच.

दुपारी सगुणाने शेगडी माळ्यावरून काढून दिली. मी ती अंगणात घेऊन बसले. रिकामी होती, बरी होती, एक तडा नाही. तरी मी आत हात घातला. तळ चाचपला, कडा चाचपल्या, पालथी करून आपटली, परत हात घातला. गोदा ओसरीवर पाय पसरून बसली होती. तिच्या मांडीवर लोकरीचा गुंडा होता आणि बाजूला माझ्या लेकीचा चहाचा रिकामा डबा. त्यात गोदा सुया ठेवते. आजकालच्या पोरी आधीच टोपडी विणतात. मी काही बोलत नाही. तो डबा दिसला की दुसरीकडे बघते, एवढंच.

तिने विचारलं, आजी, शेगडीत एवढं काय बघतेस?

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. नवव्या महिन्याचं तोंड, डोळ्यांखाली काळं, कपाळावर घाम. तिला भीती वाटत होती, मला दिसत होतं. सगळं सांगून टाकावं असं क्षणभर वाटलं.

"काई नाई व माय," मी म्हणाले, "विंचू असते कधी कधी."

ती हसली आणि पुन्हा विणायला लागली. मी शेगडीत आणखी एकदा हात घातला.